सही केली, नोकरी वाचली, पण न्याय झाला का?

पत्राचा सारांश: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चेकिंग-पॅकिंगला असलेल्या ताईंचं हे पत्र आहे. नोकरीला १६ वर्षं झालीत. गेल्या वर्षाअखेरीस बाहेर गेलेल्या एका ऑर्डरच्या खोक्यांत टॉवेल कमी निघाले. पॅकिंग स्लिपवर सही ताईंची. कंपनीने त्यांना निलंबित केलं आणि चार्जशीट दिली. त्यात 'हलगर्जी' होतीच, शिवाय 'संगनमत' हाही शब्द होता. चौकशीत त्यांच्या बाजूने युनियनचे सेक्रेटरी बसले. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कंपनीची बाजू मांडायला पुण्याहून एक कन्सल्टंट आले. ताईंना एकच गोष्ट सांगायची होती: "मी खोक्याला टेप एकदाच मारते. परत आलेल्या खोक्यांवर दोनदा मारलेली होती. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी खोकी उघडली." त्यांचा संशय रात्रपाळीच्या सुपरवायझरवर होता. पण तोंड उघडताच अण्णा म्हणाले, "तू गप्प बस बाई, मी बघतो." कन्सल्टंट मात्र दर वेळी "ताई, पाणी घ्या, घाई नाही" म्हणत होते. तिसऱ्या तारखेला अण्णा एकटेच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, २० मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "झालं. सोमवारी कामावर ये. इथे सही कर." कागद इंग्रजीत होता. ताईंनी सही केली. आता नोकरी आहे, पण चेकिंगऐवजी फोल्डिंगला. एक ताकीदपत्र मिळालं आणि निलंबनाच्या अडीच महिन्यांचा निम्माच पगार. कामावर परतल्यावर कन्सल्टंट भेटले तर म्हणाले, "तुमची बाजू आमच्यापर्यंत आधी पोचली असती तर बरं झालं असतं." सोबतच्या बाया म्हणतात, नशीब समज. दीर म्हणतो, अण्णांनी पैसे खाल्ले. भाचा म्हणतो, कोर्टात जा. ताई विचारतात: "मी सुटले की विकली गेले? युनियन सोडू का?"

ताई,

तुमचं पत्र आधी एका बैठकीत वाचलं आणि मग दुसऱ्या दिवशी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की चार पानांत निकालाबद्दल जेमतेम पाच-सहा ओळी आहेत. बाकी सगळं पत्र दोन माणसांबद्दल आहे. अण्णा कसे बोलले आणि ते कन्सल्टंट कसे बोलले. तुमच्यावर अन्याय झाला की नाही, याचा हिशोब तुम्ही या दोघांच्या वागण्यावरून मांडताय. यात तुमचं काही चुकत नाही, बहुतेक माणसं असंच करतात. पण या हिशोबात एक मोठी जागा रिकामी आहे: केबिनमधली ती २० मिनिटं. तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, दिराला माहीत नाही, भाच्यालाही नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने ती जागा भरतोय.

आधी तुमच्या मनातली एक टोचणी काढून टाकू. नोकरी परत मिळूनही वाईट वाटतंय, म्हणजे आपण कृतघ्न आहोत की काय, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. तसं अजिबात नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर या दोघांनी विद्यार्थ्यांना घेऊन खोटे खोटे खटले चालवून पाहिले. ज्यांच्या बाजूने त्यांचा स्वतःचा प्रतिनिधी उभा राहून त्यांचं म्हणणं नीट मांडत होता, त्यांना हरल्यावरही ती पद्धत जास्त न्याय्य वाटली. पुढे १९९० साली ॲलन लिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. निर्णय आधीच झालेला असला आणि बोलून काही बदलणार नसलं, तरी ज्याला बोलू दिलं त्याला वागणूक जास्त न्याय्य वाटते. तुमच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. हातात बरंचसं पडलं, पण तुमचं वाक्य तोंडातच राहिलं. ते सलणारच.

पण याच अभ्यासांतून दुसरा धडा निघतो आणि तो तुम्हाला थोडा कडू लागेल. चांगल्या वागणुकीने न्याय झाल्यासारखं वाटतं, म्हणून ज्याला तुमच्याशी न्याय करायचाच नाही तोही चांगलं वागू शकतो. त्या कन्सल्टंटांकडे एकदा याही नजरेने बघा. त्यांनी पाणी दिलं, घाई केली नाही, एकेरीत हाक मारली नाही. हे चांगलंच, आणि प्रत्येक चौकशीत असंच व्हायला हवं. पण कंपनीच्या वतीने 'संगनमत' हा शब्द धरून तुमच्याविरुद्ध साक्षीदार तपासणारे तेच होते ना? ताई, हलगर्जी म्हणजे कामातली चूक. संगनमत म्हणजे चोरीत हात. हा शब्द चार्जशीटमध्ये घालायला काहीतरी पुरावा लागतो, आणि तुमच्या पत्रात तरी स्लिपवरच्या सहीपलीकडे काही दिसत नाही. तो शब्द मागे घ्यावा असं त्यांनी एकदाही सुचवलं का? "तुमची बाजू आधी पोचली असती तर" हे वाक्य मऊ आहे, पण त्याने काम काय केलं ते बघा. तुम्हाला न्याय मिळाला नसेल तर दोष युनियनचा, कंपनीचे कान उघडे होते, असा त्याचा अर्थ होतो. ते मनापासून बोलले असतील, मी त्यांच्यावर आरोप करत नाही. पण चौकशीत समोर बसलेल्या बाईला "तुम्हाला काही सांगायचंय का?" असं विचारायला त्यांना किंवा चौकशी अधिकाऱ्याला कुणी अडवलं नव्हतं.

आता अण्णा. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्यासारखी पत्रं येतात तेव्हा राग बहुतेक वेळा आपल्याच माणसावर निघतो.

त्यांनी तुम्हाला गप्प का केलं असेल? चौकशीत तुम्ही बोललेला प्रत्येक शब्द कामकाजात उतरतो आणि त्यावर तुमची उलटतपासणी होते. "माझ्यानंतर कुणीतरी खोकी उघडली" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कुणी? तुम्ही रात्रपाळीच्या सुपरवायझरचं नाव घेतलं आणि साक्षीदार नसला, तर वरिष्ठावर खोटा आळ घेतला म्हणून दुसरी चार्जशीट निघू शकते. अनुभवी प्रतिनिधी अशा वेळी आपल्या माणसाला थांबवतो, आणि कधी कधी ते योग्यच असतं. केबिनमधल्या बोलण्याचंही तसंच. चारचौघांत आणि कागदावर मॅनेजर मागे हटत नाही, दार लावून बसलं की हटतो. तडजोडी अशाच होतात. त्यामुळे बंद दार हा पैसे खाल्ल्याचा पुरावा होत नाही. दिराजवळ दुसरं काही असेल तर त्याने समोर ठेवावं, नाहीतर हे वाक्य घरात पुन्हा निघू देऊ नका. गेटवर पोचायला त्या वाक्याला एक पाळीही लागणार नाही.

एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणेन की अण्णांचं चुकलं. थांबवायचं होतं तर आदल्या संध्याकाळी बसवून सांगायला हवं होतं: ही टेपची गोष्ट आपण कधी काढायची, कशी काढायची, तू काढलीस तर काय होईल. केबिनमध्ये जायचं होतं तर जाण्याआधी विचारायला हवं होतं: कशापर्यंत आलो तर तुला चालेल? बाहेर आल्यावर कागद मराठीत वाचून दाखवायला हवा होता. यातलं एकही झालं नाही. वाद तुमचा होता, अण्णांना तुम्ही तो मांडायला दिला होता. त्यांनी तुमच्या वतीने होकार दिला आणि तुम्हाला तो नंतर कळला. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हे बरोबर नाही. प्रतिनिधीने आपल्या माणसाला विचारल्याशिवाय 'हो' म्हणू नये, यावर माझं मत पक्कं आहे.

सोलापुरात हे पुन्हा पुन्हा का होतं, याचं मला एक कारण दिसतं. आपल्याकडे पुढारी म्हटला की हजारोंच्या मोर्चाचा. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, मग असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या १५,००० घरांचं वाटप झालं. नरसय्या आडम मास्तरांसारख्या नेत्याच्या मागे लोक वर्षानुवर्षं चालले, आणि हाती काहीतरी आलं. या शहरातल्या कामगार बाईला नेत्यावर विश्वास टाकायची सवय आहे, आणि ती कमावलेली सवय आहे. पण हजार जणींसाठी मागणी करणं वेगळं आणि एका बाईची चौकशी लढवणं वेगळं. मोर्चात नेता पुढे असतो, तिथे प्रत्येकीला विचारत बसला तर काम होत नाही. चौकशीच्या खोलीत मात्र बाई एकच असते आणि तिला विचारायला वेळ असतो. तुमच्या अण्णांनी मोर्चाची रीत चौकशीत आणली असावी, असा माझा अंदाज आहे. आणि तुम्हीही मोर्चातल्यासारख्याच मागे उभ्या राहिलात.

मग आता करायचं काय? आधी कागद गोळा करा. चार्जशीट, तुम्ही दिलेलं उत्तर, तिन्ही तारखांचं कामकाज, तडजोडीचा कागद आणि ताकीदपत्र. चौकशीच्या प्रत्येक पानावर तुमची सही घेतलेली असणार. त्या पानांची नक्कल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कंपनीला साधा लेखी अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. युनियनच्या ऑफिसातही मागा. कागद हातात आले की ज्याला इंग्रजी नीट येतं अशा माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. घरी तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत समजावून घ्या, काही बिघडत नाही. "सारांश सांग" म्हणू नका, एकेक ओळ करून घ्या.

त्यात मुख्यतः एकच गोष्ट बघायची. आरोप 'मागे घेतले' असं लिहिलंय की तुम्ही 'मान्य केले' असं? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरोप मागे घेतले असतील तर ताकीदपत्र असलं तरी तुमच्या नावावर चोरी नाही. मान्य केले असतील, तर उद्या पुन्हा काही घडलं की कंपनी 'मागचं रेकॉर्ड' म्हणून हाच कागद काढेल. अण्णांनी तुमचं भलं केलं की नाही, हे पाणी आणि "गप्प बस" यावरून ठरणार नाही, या ओळीवरून बरंचसं ठरेल.

पैशाचंही बघा. निलंबनात पहिल्या ९० दिवसांना निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. चौकशी लांबली आणि त्यात कामगाराचा दोष नसला, तर पुढे ७५ टक्के. म्हणजे अडीच महिन्यांचा निम्मा पगार ही अण्णांची कमाई नाही, तो तसाही मिळणारच होता. नमुना स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यानुसार, कामगार निर्दोष ठरला तर निलंबनाचा काळ कामावर असल्यासारखा धरतात आणि उरलेला पगारही देतात. तेव्हा केबिनमध्ये सोडून दिलं गेलं ते हे उरलेलं अर्धं आणि चेकिंगची जागा. बदल्यात मिळाली खात्रीची नोकरी. हा सौदा वाईटच होता असं मी म्हणणार नाही. चौकशी पुढे चालून 'संगनमत' सिद्ध झालं असं लिहिलं गेलं असतं, तर तुम्ही आज कामगार न्यायालयाच्या तारखा मोजत बसला असता. पण सौदा करायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं होतं.

कागद वाचून झाले की अण्णांना भेटा. गेटवर नको, सुटीच्या गर्दीत नको. युनियनच्या ऑफिसात वेळ मागून जा आणि फोल्डिंग किंवा चेकिंगमधली एखादी शांत डोक्याची मैत्रीण सोबत न्या. दिराला नेऊ नका. बोलायला सुरुवात कशी करायची, असं तुम्ही विचाराल. अशी करा: "अण्णा, तुमच्यामुळे नोकरी राहिली, ते मी विसरणार नाही. पण आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि लोक विचारतात तेव्हा मला उत्तर देता येत नाही. कंपनीने काय मागितलं, तुम्ही काय मागितलं आणि आपण काय सोडलं, ते मला सांगा. टेपचं मला का बोलू दिलं नाहीत तेही सांगा." मग गप्प राहा, त्यांना बोलू द्या. ते चिडले तर त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, वर्षानुवर्षं कुणी प्रश्न विचारला नसेल तर पहिला प्रश्न झोंबतोच. नीट सांगितलं तर तुमचा निम्मा सल तिथेच कमी होईल. निकाल बदलणार नाही, पण तो कसा आला ते कळेल. "तुला काय कळतंय त्यातलं" एवढंच उत्तर मिळालं, तर तेच प्रश्न लिहून युनियनच्या कार्यकारिणीकडे द्या.

कोर्टाचं म्हणाल, तर भाच्याला घाई करू देऊ नका, पण तारखेकडे डोळेझाकही करू नका. महाराष्ट्रातल्या १९७१च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे कायद्याने मना केलेल्या वागण्याची, तक्रार ती घडल्यापासून ९० दिवसांत करायची असते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. केलेली तडजोड कंपनीने पाळली नाही, तर तीही या कायद्यात अनुचित प्रथा आहे. म्हणजे कागदात लिहिलेलं काही तुम्हाला मिळालं नसेल, तर तुमची बाजू भक्कम. पण स्वतः सही केलेली तडजोडच मोडायची, तर दबाव किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते. कागद इंग्रजीत होता, वाचून दाखवला नाही, हा मुद्दा मांडता येईल. तो पुरेल असं छातीठोक सांगणारा वकील भेटला तर मी दुसऱ्या वकिलाकडे जाईन. फीची काळजी करू नका. १९८७च्या कायद्याने स्त्रियांना, आणि औद्योगिक कामगारांनाही, मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, नाहीतर आधी १५१०० वर फोन करा.

एक लक्षात ठेवा, वकील हाही प्रतिनिधीच. तोही म्हणेल, "ताई, तुम्ही बोलू नका, मी बघतो." तिथेही तुम्हाला हेच सगळं विचारावं लागेल. शिवाय सगळीकडे वकील चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगारांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, वकील उभा करता येत नाही हा नियम जुन्यातही होता आणि नव्यातही आहे. तिथे युनियनचा पदाधिकारी लागतो, आणि युनियनचे सभासद नसाल तर त्याच उद्योगातला दुसरा कामगारही चालतो.

म्हणून युनियन आत्ता सोडू नका. रागाच्या भरात राजीनामा दिलात तर पुढच्या वेळी तुमच्या शेजारी कोण बसणार? तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय की कमिटीत एकही बाई नाही. मला ती सगळ्या पत्रातली मोठी गोष्ट वाटते. फोल्डिंग, चेकिंग, हेमिंगला बाया आणि चौकशीत बोलायला मात्र गडीमाणसं, त्यातला एक जण खोक्याला टेप कशी मारतात हेही न पाहिलेला. तुमच्या खात्यातल्या आठ-दहा जणींनी मिळून युनियनकडे मागणी करा की बाईची चौकशी असेल तर प्रतिनिधीसोबत त्याच खात्यातली एक बाई बसेल. कंपनीने दोघांना बसू दिलं नाही, तर निदान आदल्या संध्याकाळच्या तयारीला तरी ती हजर असेल.

ज्यांच्यावर आज-उद्या चार्जशीट येणार आहे अशा वाचकांसाठीही थोडं लिहिते. चौकशीच्या पहिल्या तारखेआधी आपल्या प्रतिनिधीबरोबर अर्धा तास बसा आणि एका कागदावर तीन-चार ओळी त्यांच्या हातात द्या: माझं म्हणणं हे आहे, एवढं झालं तर मला चालेल, एवढं चालणार नाही, आणि मला वाचून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. समोर कंपनीतर्फे बसलेला माणूस कायद्याचा जाणकार आहे का, तेही पहिल्याच दिवशी विचारा. मुंबई पोर्टच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली म्हटलंय की मालकाच्या बाजूने कायद्यात मुरलेला माणूस बसवायचा आणि कर्मचाऱ्याने वकील मागितला तर नाकारायचा, हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. पण मागणी वेळेत आणि लेखी करायला हवी. आणि जे अण्णा हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की केबिनमधून बाहेर आल्यावर "झालं" म्हणण्याआधी पाच मिनिटं आपल्या माणसाला द्या. काय मिळालं हे तुम्ही सांगताच, काय सोडलं तेही सांगा.

ताई, शेवटी तुमच्या टेपबद्दल. ती गोष्ट अजून कुठल्याच कागदावर नाही. आज रात्रीच लिहून काढा: कोणती खोकी, कोणत्या तारखेला पॅक केली, टेप तुम्ही कशी मारता, परत आलेल्या खोक्यांवर ती कशी होती, ते तुम्ही कधी आणि कुठे पाहिलं, तेव्हा शेजारी कोण होतं. सुपरवायझरवर संशय असला तरी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहा, बाकी नको. खाली तारीख घालून सही करा. हा कागद कंपनीला द्यायचा का, ते तडजोडीतली ती ओळ वाचल्याशिवाय ठरवू नका. आरोप मागे घेतलेले असतील तर बहुधा देण्याची गरज पडणार नाही, मान्य केलेले असतील तर लागेल. ती ओळ इंग्रजीत जशी आहे तशी उतरवून मला पाठवा, शक्यतो याच आठवड्यात, म्हणजे ९० दिवसांतले किती उरलेत तेही मोजता येईल.

तुमची,
सदर लेखिका

(पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)